एका टेबलावर चार आवृत्त्या

माणूस कसा आहे हे कळायला पत्रिका लागत नाही, तो खेळाची कोणती आवृत्ती खेळतो ते विचारावं. हे माझं ठाम मत आहे आणि बंगळूरमधल्या आठ वर्षांत ते जास्तच ठाम झालं आहे.

कोणता खेळ ते आधी सांगते, नाहीतर लोकांना वाटतं मी पत्त्यांबद्दल बोलतेय. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण सूत्रधार. तो सांगतो, समोर किल्ला आहे, किल्ल्याखाली तळघर आहे, तळघरात राक्षस आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर, आणि आपलं पात्र आता काय करणार ते बोलून सांगतात. ते जमतं की फसतं हे फासे ठरवतात. जिंकणं-हरणं नसतं. पात्र जगतं किंवा मरतं आणि गोष्ट पुढे जाते. गेल्या पन्नासेक वर्षांत या खेळाच्या नियमांच्या पाच आवृत्त्या निघाल्या, आणि एका आवृत्तीचा भक्त दुसऱ्या आवृत्तीवाल्याकडे तसा बघतो, जसे आम्ही नागपूरकर पुण्याच्या पोह्यांकडे बघतो. म्हणजे खातो, पण कीव करत.

मी तिसऱ्या आवृत्तीची. तिच्यात प्रत्येक गोष्टीला नियम आहे. भिंत चढायचा नियम वेगळा, भिंत ओली असेल तर वेगळा, पाठीवर जखमी सोबती असेल तर आणखी वेगळा. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरणारीला असलंच काहीतरी आवडणार. या आवृत्तीपायी बंगळूरला आल्या आल्या मी दोन टेबलांवरून भांडून उठले. दोन्हीकडे सगळ्यांनी पाचवीच खेळायची असा दंडक होता. मग कोणीतरी म्हणालं, "नीलिमा, तुला चामराजपेटच्या अक्काच सांभाळतील." हा टोमणा होता, पण मी पत्ता विचारून घेतला.

चामराजपेटच्या एका गल्लीत खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आणि वर अक्कांचं घर. दुकानाच्या जागी पूर्वी अक्कांच्या वडिलांचं शिंपीकाम चालायचं. वडिलांचं कापड बेतायचं लांबलचक टेबल आता वरच्या खोलीत आहे आणि रविवारी सकाळी त्यावर आमचा खेळ असतो. नकाशा काढायचा तो शिंप्याच्या खडूने, थेट लाकडावर. खेळ संपला की अक्का ओल्या फडक्याने अख्खा किल्ला पुसून टाकतात आणि त्याच टेबलावर जेवणाची पानं मांडतात.

राजलक्ष्मी अक्का साठीला टेकलेल्या आहेत. ठेंगण्या, चष्म्याची काडी सैल झालेली, बोलताना चष्मा सतत वर सारायची सवय. घराणं मराठी, पण इथे येऊन तीनशेहून अधिक वर्षं झाली म्हणतात, त्यामुळे बोलण्यात कन्नड असं मुरलंय की त्यांचं त्यांनाही कळत नाही. आवाज मात्र खणखणीत आणि स्वच्छ. तो टेलिफोन खात्याने कमावून दिलेला आहे. ट्रंक कॉलच्या जमान्यात त्या ऑपरेटर म्हणून लागल्या आणि खातं थकेपर्यंत तिथेच राहिल्या.

मी पहिल्या दिवशी दारातच विचारलं, "इथे कोणती आवृत्ती चालते?" भांडायची तयारी करूनच गेले होते.

"तू कुठली खेळतीस?" अक्कांनी विचारलं.

"तिसरी."

"सरी. मग तिसरी खेळ की. ये, बस."

"आणि बाकीचे?"

"ते त्यांची खेळतात. मी बघून घेते. कॉफी घेतीस ना स्वल्प?"

मला वाटलं बाई थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. टेबलाच्या एका बाजूला गुरुप्रसाद होता. तो गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान चालवतो आणि जगात जिला कोणी वाली नाही त्या चौथ्या आवृत्तीवर जीव टाकतो. लोक म्हणतात ती आवृत्ती कॉम्प्युटर गेमसारखी आहे, चौकटी मोजा आणि मारा. गुरुप्रसाद म्हणतो, "असू दे की. तिच्यात माझ्या वाट्याला प्रत्येक फेरीत काहीतरी काम येतं. तुमच्या आवृत्त्यांत अर्धा वेळ मी तोंड बघत बसतो." त्याच्या शेजारी अद्वैत, पुण्याहून आलेला, ॲपचे पडदे रंगवणारा. त्याची पाचवी. पाचवी मायाळू आवृत्ती आहे, तिच्यात पात्र जन्मतःच शूर असतं आणि सहजासहजी मरत नाही. अद्वैत प्रत्येक पात्राचं बालपण, दुःख, हरवलेली बहीण असं सगळं लिहून आणतो, मग ते मेलेलं त्याला कसं चालेल! आणि कोपऱ्यात अक्कांचे यजमान विश्वासराव. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची पहिली. दुसरी आवृत्ती खेळणारा कोणी आमच्याकडे टिकला नाही.

एका टेबलावर चार आवृत्त्या चालवणं म्हणजे काय हे बाहेरच्याला समजणं कठीण आहे. एकच उदाहरण देते. जुन्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम. नव्यात जितका मोठा तितकं भक्कम. राक्षसाने एकदाच गदा फिरवली तरी अण्णांचा हिशेब उतरता आणि माझा चढता. अक्का दोन्ही डोक्यात करतात आणि गोष्ट सांगणं क्षणभरही थांबत नाही. मी एकदा विचारलं हे जमतं कसं. म्हणाल्या, "टेलिफोनच्या बोर्डावर काय होतं गं? कोण कुठल्या लाइनीवर आहे ते लक्षात ठेवायचं. बोलायचं काम त्यांचं ते करतात."

सगळ्यात मोठा फरक मरणाचा. पहिल्या आवृत्तीत पात्राचे प्राण शून्यावर आले की संपलं, मेला. पाचवीत शून्यावर आलेला नुसता कोसळतो, त्याला फासे टाकून जीव वाचवायची संधी मिळते, आणि तीन फासे मनासारखे पडले की तो वाचतो. माझ्या आणि गुरुप्रसादच्या आवृत्त्यांत या दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. अक्कांचा कायदा असा की ज्याची जी आवृत्ती त्याला तसं मरण, आणि मेलेला परत येणार नाही. शिवाय त्या घरची एक रीत आहे. ज्याचं पात्र मरेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना गोडाचं जेवण घालायचं, आणि जेवण झाल्यावरच नवं पात्र टेबलावर आणायचं. माझ्या कितीतरी पुरणपोळ्या त्या टेबलावर गेल्या आहेत.

आता अण्णांचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावर येऊन ठेपते.

हा खेळ अक्कांना ॲव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर सापडला. नोकरीला लागल्या लागल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक फाटका खोका दिसला, वर राक्षसाचं चित्र. आत पहिल्या आवृत्तीचं पुस्तक होतं, फासे नव्हते. अक्कांनी वडिलांच्या दुकानातून एकसारखी वीस बटणं घेतली, त्यांवर रंगाने एक ते वीस आकडे घातले आणि पिशवीत टाकली. पिशवीत हात घालायचा, बटण काढायचं, आकडा वाचायचा आणि परत टाकायचं. आज पाहिजे तेवढे फासे मिळतात, खेळाडू तेच वापरतात, पण राक्षसांसाठी अक्का अजून बटणंच काढतात.

खेळायला माणसं मिळेनात तेव्हा त्यांनी गल्लीतल्या विश्वासरावांना पकडलं. ते साबणाच्या कारखान्यात लागले होते आणि संध्याकाळी रिकामे असायचे. त्यांनी एक योद्धा बनवला आणि त्याचं नाव ठेवलं तिम्मोजी. अर्धं कन्नड, अर्धं मराठी, अगदी त्यांच्यासारखं. दोन वर्षांनी अक्का आणि विश्वासरावांचं लग्न झालं. तिम्मोजी अजून जिवंत होता.

आणि तो जिवंतच राहिला. छत्तीस वर्षं. त्या काळात टेबलावर किती लोक आले नि गेले, किती योद्धे आणि मांत्रिक मेले, सगळ्यांनी गोडाची जेवणं घातली. सर्वांत कडक आवृत्तीतला तिम्मोजी मात्र एकदाही शून्यावर आला नाही. अण्णा खेळतातही तसेच. दार उघडण्याआधी कान लावतील, पायरीवर पाय ठेवण्याआधी काठी आपटतील, पळून जाण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. "भीती वाटली तरच मजा," असं त्यांचं म्हणणं. "वाचवायला कोणी आहे हे माहीत असेल तर मग कसला खेळ?"

पण जगाचं तोंड कोण धरणार? सूत्रधार बायको, आणि नवऱ्याचं पात्र मरत नाही. नवा माणूस आला की महिन्याभरात त्याच्या तोंडून ते निघायचंच. घरचा माणूस आहे, वाचणारच! अक्का यावर कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. अण्णा हसायचे, पण त्यांच्या जिव्हारी लागायचं हे मी बघितलं आहे. त्या माणसाने आयुष्यात फार मोठं काही केलेलं नाही. कारखान्यात नोकरी केली, दोन मुलींची लग्नं केली. ज्याचा अभिमान मिरवावा असा त्यांच्याकडे एक तिम्मोजीच होता, आणि तोही बायकोच्या पुण्याईवर जगतोय असं लोक म्हणायचे.

गेल्या वर्षी अद्वैतने तो खडा टाकला. जेवताना म्हणाला, "अण्णा, तुमच्या हातचं गोडाचं जेवण आम्हाला या जन्मी मिळणार की नाही?" इथवर ठीक होतं. पुढे म्हणाला, "शिंप्याच्या मुलीच्या बोटांना बटणं ओळखता येत नसतील का?"

अक्का वाढायच्या थांबल्या. गुरुप्रसादने पानात मान घातली. मला अद्वैतच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

अण्णा शांतपणे म्हणाले, "तू ये की पहिल्या आवृत्तीत. एक दिवस जगून दाखव."

"येतो," अद्वैत म्हणाला. तोही इरेला पेटला. "येलहंकाला येतो."

येलहंकाला एका शाळेच्या हॉलमध्ये या खेळाच्या वेड्यांचा मेळावा भरतो. मेळावा भरवणारा आशय या बोलाचालीच्या थोडं आधीच अक्कांकडे येऊन गेला होता. मेळाव्यात मधोमध एक टेबल मांडतात, बाकीचे भोवती बसून बघतात, त्या टेबलावर अक्कांनी बसावं अशी त्याची इच्छा होती. पण त्याची अट होती. "अक्का, फक्त पाचवी चालवा. लोकांना तीच कळते. चार आवृत्त्या म्हणजे खिचडी होईल, मधेच कुठेतरी घोळ होणार आणि सगळ्यांसमोर फजिती."

"माझ्या टेबलावर जो येतो तो आपली आवृत्ती घेऊन येतो," अक्का म्हणाल्या. "ते नको असेल तर बेडा, राहू दे. बिसीबेळे भात खाऊन जा."

आशय बिसीबेळे खाऊन गेला आणि दोन दिवसांनी त्याचा होकार आला.

त्या दिवशी हॉल गच्च भरला होता. बहुतेक पोरं आयटीतली, पुण्या-मुंबईची, थोडी इथली. आशयने माइकवर ओळख करून दिली, चार आवृत्त्या एकत्र चालवणाऱ्या अक्का वगैरे, आणि शेवटी त्याला विनोद सुचला. "आणि नवऱ्याला छत्तीस वर्षं जिवंत ठेवणाऱ्या अक्का!" हॉल हसला. अण्णांचे कान लाल झाले. अक्कांनी चष्मा वर सारला आणि खडू उचलला.

मग त्यांनी जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. देवनहळ्ळीच्या किल्ल्यावरून बेतलेला एक किल्ला त्यांनी टेबलावर काढला आणि बोलायला लागल्या. बुरुजाखालचं पाणी, अंधारात हलणारं काहीतरी, तो वास. माझा तिसऱ्या आवृत्तीतला चोर ओली भिंत चढला, तिला लागणारा नियम अक्कांनी मी तोंड उघडण्याआधी लावला. गुरुप्रसादच्या मांत्रिकाने चौकटी मोजून आग फेकली. अण्णांचा तिम्मोजी काठी आपटत पुढे. आणि अद्वैतचा नवा योद्धा, पहिल्या आवृत्तीतला, ना बालपण ना हरवलेली बहीण, तिम्मोजीच्या खांद्याला खांदा लावून. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी असू शकते हे बघणाऱ्यांच्या लक्षातही राहिलं नाही. मागे उभे असलेले पुढे सरकले. मला इतका अभिमान वाटत होता की मी दोनदा चुकीचा फासा उचलला.

तळघरात राक्षस भेटला. फार मोठा होता. तिम्मोजी जखमी झाला, प्राण अगदी थोडे उरले. मग राक्षसाने अद्वैतच्या योद्ध्यावर गदा घातली आणि तो शून्यावर आला.

"कोसळला," अक्का म्हणाल्या. "अद्वैत, फासे टाक."

अद्वैतने टाकला. जमला. दुसरा जमला. तिसरा जमला तेव्हा अख्खा हॉल ओरडला. त्याचा योद्धा धडपडत उठला, राक्षस तिम्मोजीवर गदा उगारतोय हे बघून त्याने तिम्मोजीला बाजूला ओढलं, गदा जमिनीवर आदळली, आणि तेवढ्यात मी आणि गुरुप्रसादने मिळून राक्षसाला संपवलं. टाळ्या, शिट्ट्या. अद्वैतने अण्णांना मिठी मारली. आशय माइक घेऊन पुढे आला.

अक्का मात्र हसत नव्हत्या. त्या अद्वैतच्या समोरच्या, योद्ध्याचे आकडे लिहिलेल्या कागदाकडे बघत होत्या.

"स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. तो टेलिफोनचा आवाज होता, हॉल गप्प झाला. "माझी चूक झाली. अद्वैत आज पहिल्या आवृत्तीत आहे. पहिल्यात शून्यावर आला की मेला. फासे नाहीत. मी सवयीने त्याला पाचवीच्या लाइनीवर घातलं."

चुका शोधायचा पगार घेणारी मी, माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. अद्वैतच्याही नाही. त्याचा हातही सवयीनेच फाशांकडे गेला होता. ज्याची जी आवृत्ती ती त्याच्या अंगात भिनते, आणि अक्कांच्या मनात आम्ही आमच्या आवृत्तीसकट बसलेले. दुसऱ्या कुठल्या टेबलावर ही चूक होणंच शक्य नाही, कारण दुसऱ्या कुठल्या टेबलावर दोन मरणं नांदत नाहीत.

आणि मग मला पुढचं दिसलं. अद्वैतचा योद्धा मेला असेल, तर तिम्मोजीला बाजूला कोणी ओढलं?

अद्वैतलाही ते कळलं. तो घाईघाईने म्हणाला, "अक्का, राहू दे ना. कोणाला कळलंसुद्धा नव्हतं."

"मला कळलं ना."

आशय म्हणाला, "अक्का, वेळही संपत आलीय. इतका छान शेवट झालाय. चालतं हो एवढं."

"चालत नाही," अक्का म्हणाल्या. "चूक माझी, आणि फायदा माझ्या घरात. हे कसं चालेल?" मग अद्वैतला म्हणाल्या, "तुझा योद्धा गेला, पुट्टा. राक्षस जिवंत आहे. गदा तिम्मोजीवर येतीये." अण्णांकडे त्यांनी बघितलं नाही. "री, तिम्मोजी काय करतो?"

कन्नड घरांतल्या बायका नवऱ्याला हाक मारतात तशी त्या अण्णांना 'री' म्हणतात. घरात दिवसातून शंभर वेळा ऐकलेली ती हाक. त्या दिवशी मला ती ऐकवेना.

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "मागे जागा नाही," ते म्हणाले. "ढाल वर धरतो."

"सरी," अक्का म्हणाल्या. "राक्षसाला बारा किंवा वर लागतात." आणि त्यांनी पिशवीत हात घातला. सगळा हॉल तो हात बघत होता. हात आत गेला आणि लगेच बाहेर आला. अक्कांनी बटण अद्वैतपुढे धरलं. "तू वाच."

अद्वैतने वाकून बटण बघितलं. "सतरा," तो कसाबसा म्हणाला.

गदेचा मार उरलेल्या प्राणांपेक्षा जास्त भरला. अक्कांनी तो आकडा स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. मग म्हणाल्या, "तिम्मोजी पडला. ढाल हातातच होती." खडूने काढलेल्या तळघरात त्यांनी एक छोटी फुली मारली.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तोंडावर हात घेतला होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, नक्की कोणाचा ते कळत नव्हतं. अण्णा त्या फुलीकडे बघत बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मान वर केली तर ते हसत होते, तोंडभर, दात दाखवत, मी त्यांना त्याआधी कधी तसं हसताना बघितलं नव्हतं.

ते उभे राहिले. आशयच्या हातातला माइक त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतला.

"बघितलं ना सगळ्यांनी?" ते म्हणाले. "हिला मला वाचवायचं असतं तर काय करायचं होतं? सुम्मने बसायचं होतं. नुसतं गप्प! तेवढंही केलं नाही तिनं." त्यांचा आवाज चढला. "म्हणजे छत्तीस वर्षं तिम्मोजी कोणाच्या जिवावर जगला? सांग रे अद्वैत. कोणी वाचवलं त्याला?"

अद्वैत उभा राहिला. "कोणीच नाही, अण्णा," तो म्हणाला. "तो त्याचा तोच जगला."

"हां!" अण्णा म्हणाले, आणि माइक परत देऊन खाली बसले. टाळ्या किती वेळ वाजल्या मला सांगता येणार नाही, कारण मी त्या वाजवण्यात गर्क होते. आधी खिचडी-खिचडी करणारा आशयसुद्धा वाजवत होता.

परत येताना येलहंकाहून मॅजेस्टिकची बस मिळाली. पुढे बायकांच्या जागांवर मी आणि अक्का, मागे अण्णा, अद्वैत, गुरुप्रसाद. हेब्बाळपर्यंत अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. मला राहवेना. मी विचारलं, "अक्का, खरं सांगा. बोटांना कळतं का, कोणतं बटण कुठलं ते?"

"कळतं की," अक्का म्हणाल्या. "वीसच्या बटणाला काठाला चीर आहे. दोनच्याला खडबडीत रंग लागलाय. दुकानात वाढले मी. न कळायला काय झालं?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हाताला पहिलं लागेल ते काढायचं. दुसऱ्याला बोट लावायचं नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "वाटायचं गं. प्रत्येक वेळी वाटायचं. लग्नाच्या आधीपासून वाटायचं. आज तर फार वाटलं."

मी त्यांचा हात धरला.

मागून अण्णांचा आवाज येत होता. ते कंडक्टरला कन्नडमध्ये तिम्मोजीच्या मरणाची हकीकत सांगत होते. तळघर, गदा, मागे जागा नव्हती, ढाल वर होती. कंडक्टर बिचारा तिकिटं फाडायची सोडून ऐकत होता. त्याला वाटलं हा कोणी खरंच गेलेला माणूस आहे. हळहळून त्याने विचारलं, "आणि मारलं कोणी हो त्याला?"

अण्णा सीटवरून अर्धे उठले आणि बसभर ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ती काय, पुढे बसलीय. माझी बायको!"